उपाहारगृहातील वागणूक : ग्राहकाची तक्रार आणि माणसाचा हक्क

१

उपाहारगृहातल्या वाईट वागणुकीबद्दल तक्रार करीत नाही असा माणूस शहरात सापडणे कठीण आहे. पाण्याचा पेला आदळून ठेवला, अर्धा तास कुणी विचारायलाही आले नाही, मिसळीचा रस्सा गार होता, टेबलाला ओल्या फडक्याचा वास येत होता, बिलात न मागितलेली रक्कम लावली, अशा तक्रारी आपण रोज ऐकतो आणि स्वतःही करतो. तेव्हा ह्या विषयाला वैचारिक नियतकालिकाने जागा द्यावी इतके त्याचे मोल आहे काय, असा प्रश्न कुणी विचारला तर तो गैर म्हणता येणार नाही. भूमीहीनांचे प्रश्न आहेत, शिष्यवृत्तीचे प्रश्न आहेत, अत्याचाराच्या घटना आहेत. त्यांच्यापुढे गार रस्स्याचे दुःख ते काय?

पण ह्या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीत एक फरक दडलेला आहे. तो आधी नीट पाहिला पाहिजे. वाईट वागणूक मिळालेला सवर्ण ग्राहक रागावतो, मालकाला दोन शब्द सुनावतो, पुन्हा त्या हॉटेलची पायरी चढायची नाही असे ठरवतो आणि विसरून जातो. आपला माणूस मात्र घरी येताना राग आणतोच, पण सोबत एक प्रश्नही आणतो. हे सगळ्यांच्याच बाबतीत घडले की माझ्याच? वाढपी कामाच्या घाईत होता, की गल्ल्यावरच्या माणसाने माझ्या सोबत्याने मारलेली हाक ऐकून आडनाव हेरले होते? ह्या प्रश्नाचे उत्तर त्याला बहुधा मिळत नाही. उत्तर न मिळणे हेच त्याचे ओझे असते. एकाच टेबलावर बसून दोघांनी गार चहा प्यावा आणि एकाला तो फक्त गार लागावा, दुसऱ्याला मात्र अपमानाचा लागावा, ही परिस्थिती त्या दुसऱ्याने निर्माण केलेली नाही.

प्रस्तुत लेखाचा हेतू मर्यादित आहे. वाईट सेवा आणि नाकारलेली सेवा ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या वेगळ्या कशा ओळखाव्यात, त्यांचा इतिहास काय आणि प्रत्येकीसाठी कोणता मार्ग उपलब्ध आहे, एवढे येथे मांडावयाचे आहे.

२

उपाहारगृह ही आपल्या समाजात तशी नवी संस्था. जुन्या गावगाड्यात शिजवलेले अन्न विकत घेण्याची प्रथा फारशी नव्हती. कोण कोणाच्या हातचे खाणार, कोण कोणाच्या पंक्तीला बसणार, कोण दाराबाहेर हात पसरून उभा राहणार हे जातीने ठरवलेले होते. कच्चे धान्य एक वेळ हातोहात फिरे; शिजलेल्या अन्नाचे आणि पाण्याचे नियम मात्र कडक होते. ह्या व्यवस्थेत पैसे देईल त्याला शिजवलेले अन्न देणारे दुकान निघणे ही साधी घटना नव्हती. सिद्धान्ततः हॉटेलने एक मोठी गोष्ट केली. जेवणाचा संबंध जातीशी होता, तो पैशाशी जोडला.

प्रत्यक्षात जातीने हॉटेलातही आपली सोय करून घेतली. ब्राह्मण आचारी ठेवला की सर्व सवर्णांना चालते, हे व्यापाऱ्यांनी ओळखले. पाट्या लागल्या. रेल्वेच्या स्टेशनांवर स्वातंत्र्यापूर्वी हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी वेगळे मिळत असे. मद्रासमध्ये ट्रिप्लिकेन भागातल्या मुरली कॅफे ह्या हॉटेलच्या पाटीवरील ‘ब्राह्मण’ हा शब्द काढावा म्हणून पेरियार रामस्वामी यांना १९५७ साली, म्हणजे संविधान लागू झाल्यानंतर सात वर्षांनी आंदोलन करावे लागले.

अस्पृश्यांना तर पाटी वाचण्याचीही गरज नव्हती. त्यांची जागा दुकानाबाहेर ठरलेली होती. त्यांच्यासाठी कान तुटलेली कपबशी वळचणीला खोचलेली असे. ती स्वतः काढायची, वरून ओतलेला चहा घ्यायचा, बाहेर उभे राहून प्यायचा, कप आपल्या हाताने विसळायचा आणि होता तेथे परत ठेवायचा. पैसे उंबऱ्यावर ठेवायचे. त्यावर पाणी शिंपडून मालक ते उचलणार. ह्या व्यवहारात मालकाने काय स्वीकारले आणि काय नाकारले हे पाहा. पैसा स्वीकारला. माणूस नाकारला. ज्याने कप विसळायचा तो ग्राहकच होता. म्हणजे पैसे देऊनही सेवा त्यालाच करावी लागत होती.

आपल्या प्रश्नाचे मूळ येथे सापडते. गावाने आमच्याकडून शतकानुशतके सेवा घेतली. वेठ घेतली, सांगावे पोचवून घेतले, मेलेली ढोरे ओढून घेतली. महार वतन कायद्याने संपवायला मुंबई राज्याला १९५८ सालचा कायदा करावा लागला. पण त्याच गावाने आम्हांला सेवा दिली नाही. न्हाव्याने केस कापले नाहीत, परटाने कपडे धुतले नाहीत, हॉटेलवाल्याने कप हातात दिला नाही. तेव्हा ‘सेवा मिळणे’ ही आमच्यासाठी चैनीची गोष्ट नाही. जो माणूस नेहमी सेवा करणाऱ्याच्या बाजूला उभा केला गेला, त्याने प्रथमच समोरच्या खुर्चीवर बसणे, ही त्या जुन्या व्यवस्थेतली उलथापालथ आहे. म्हणून तर त्या खुर्चीवरून इतके रणकंदन झाले.

३

महाराष्ट्रात ह्या रणकंदनाचे एक तेजस्वी उदाहरण कोल्हापूरचे आहे. गंगाराम कांबळे हे छत्रपती शाहू महाराजांच्या पागेत नोकरीला होते. सवर्णांच्या पाण्याला शिवल्याच्या कारणावरून त्यांना बेदम मारहाण झाली. महाराज बाहेरगावाहून परतल्यावर गंगाराम यांनी आपल्या पाठीवरचे वळ त्यांना दाखवले. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केलेच, पण गंगाराम यांना नोकरीतून मोकळे करून स्वतंत्र धंद्यासाठी भांडवल दिले. त्यातून गंगाराम यांनी कोल्हापुरात चहाचे हॉटेल काढले. अस्पृश्याच्या हातचा चहा पिणार कोण? गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज आपली गाडी हॉटेलासमोर उभी करीत, मोठ्याने चहा मागवीत, स्वतः पीत आणि सोबतच्या सवर्ण मंडळींनाही पाजीत. महाराजांची सही हवी असलेल्यांना तेथला चहा घ्यावा लागे, असेही सांगितले जाते.

ही हकीकत आपण राजाच्या मोठेपणाची म्हणून सांगतो. ती तशी आहेच. १९१९ साली संस्थानातल्या सार्वजनिक इमारती, धर्मशाळा, पाणवठे, दवाखाने आणि शाळा येथे अस्पृश्यता पाळू नये असे हुकूम काढणारा हा राजा होता. पण हकीकतीतला दुसरा धडा आपण कमी सांगतो. उपाहारगृहातल्या अस्पृश्यतेला दोन दारे आहेत. एका दाराशी अस्पृश्य ग्राहकाला अडवतात, दुसऱ्या दाराशी अस्पृश्य मालकाकडे, आचाऱ्याकडे, वाढप्याकडे गिऱ्हाईक जात नाही. शाहू महाराजांनी हे दुसरे दार उघडले. केवळ ‘आम्हांला आत येऊ द्या’ एवढ्याने प्रश्न सुटत नाही, ‘आमच्या हातचे घ्या’ हेही तितकेच महत्त्वाचे आहे, हे त्यांनी ओळखले होते.

रत्नागिरीत १९३३ साली सावरकरांच्या पुढाकाराने अखिल हिंदू उपाहारगृह सुरू झाले. तेथे अस्पृश्यांना सर्वांबरोबर बसता येई. त्या काळी ते धाडसच होते. परंतु दाराच्या पाटीवर माणसाऐवजी ‘हिंदू’ हा शब्द होता, आणि त्या शब्दानेच त्या प्रयत्नाची मर्यादा आखली, हेही नोंदवले पाहिजे.

४

आता आपल्या भागाकडे वळू. नाशिक हे पाहुण्यांवर जगणारे शहर आहे. पंचवटी, रामकुंड, बारा वर्षांनी येणारा सिंहस्थ, धर्मशाळा, खानावळी, लॉज ह्या सर्वांचा पाया आल्यागेल्याची सोय करणे हा आहे. अशा ह्या आतिथ्याच्या नगरीत २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली आणि दादासाहेब गायकवाड, अमृतराव रणखांबे यांच्या झुंजार कार्यकर्तृत्वावर तो पाच वर्षे चालला. दरवाजे उघडले नाहीत. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी ह्याच जिल्ह्यातल्या येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. देवळाच्या दाराचा इतिहास आपल्याला पाठ आहे. चहाच्या दुकानाच्या दाराचा इतिहास मात्र आपण लिहून ठेवलेला नाही. तो आपल्या आईबापांच्या आणि आजोबांच्या तोंडी आहे आणि त्यांच्याबरोबर नाहीसा होत आहे.

बाबासाहेबांनी मात्र स्वतःच्या आयुष्यातील असे प्रसंग लिहून ठेवले. पैकी दोन येथे आवश्यक आहेत. पहिला बडोद्याचा, १९१७ सालचा. परदेशातून उच्च शिक्षण घेऊन आलेले बाबासाहेब संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्याला गेले. हिंदू हॉटेलात जागा मिळणार नाही हे ठाऊक असल्याने पारशी पथिकाश्रमात पारशी नावाने उतरले. रोजचे भाडे देत होते. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला पारशांचा जमाव आला आणि त्यांना जागा सोडावी लागली. पदवी, पोशाख, पैसा ह्यांपैकी काहीही उपयोगी पडले नाही.

दुसरा प्रसंग १९२९ सालचा, आपल्या शेजारच्या खानदेशातला. सरकारी समितीचे सभासद म्हणून दौऱ्यावर असलेले बाबासाहेब धुळ्याहून परतताना चाळीसगावला उतरले. महारवाड्यातील लोकांना त्यांना वस्तीत न्यायचे होते. एकही टांगेवाला अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला तयार होईना. शेवटी तडजोड अशी निघाली की टांगा भाड्याने मिळेल, पण हाकणारा टांगेवाला मिळणार नाही. टांगा हाकण्याची सवय नसलेला एक महार बांधव पुढे बसला. वाटेत मोरीवर अपघात झाला, बाबासाहेब फेकले गेले आणि जखमी झाले. ह्या प्रसंगावर भाष्य करताना बाबासाहेबांचे लक्ष दुखऱ्या पायाकडे नव्हते. हलके काम करणारा टांगेवालासुद्धा बॅरिस्टर असलेल्या अस्पृश्यापेक्षा स्वतःला वरचा समजतो, ही गोष्ट त्यांना मोलाची वाटली.

सेवेच्या प्रश्नाची कोंडी ह्या एका निरीक्षणात सापडते. जगात इतरत्र पैसे देणारा वर आणि सेवा देणारा खाली अशी उतरंड असते. ती अन्यायाची असेल, पण ती पैशाची आहे. आपल्याकडे तिच्यावर जातीची दुसरी उतरंड चढवलेली आहे. दोन्ही उतरंडी जेव्हा परस्परविरुद्ध दिशेने जातात, तेव्हा सेवा देणाऱ्याला आपली जात आठवते.

५

ही कोंडी कायद्याने फोडण्याचा प्रयत्न कसा झाला? स्वातंत्र्यापूर्वीच मुंबई प्रांतात हरिजनांवरील सामाजिक निर्बंध दूर करणारा १९४६ सालचा कायदा झाला होता. त्यानंतर संविधान आले. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, हे सर्वांना ठाऊक असते. अनुच्छेद १५ चा दुसरा खंड मात्र अनेक पदवीधरांनीही वाचलेला नसतो. धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान ह्या कारणांवरून कोणत्याही नागरिकाला दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीची ठिकाणे येथे प्रवेशास अडवता येणार नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. संविधानातले बहुतेक मूलभूत हक्क सरकारविरुद्ध आहेत. हा हक्क मात्र गल्ल्यावर बसलेल्या खासगी मालकाविरुद्धही आहे. देशाच्या मूलभूत कायद्यात हॉटेलाचा उल्लेख करावा लागला, ह्यावरूनच हॉटेलात काय चालत होते हे कळते.

२९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत हे कलम चर्चेला आले तेव्हा ‘दुकान’ ह्या शब्दात परीट, न्हावी वगैरेंची सेवा येते काय, असा मुद्दा निघाला. बाबासाहेबांनी सांगितले की तो शब्द व्यापक अर्थाने वापरला आहे; जो कोणी येईल त्याला मोबदल्यावर सेवा देण्यास मालक तयार असतो ती प्रत्येक जागा त्यात येते. चाळीसगावचा टांगेवाला ज्यांनी पाहिला होता, त्यांनी केलेली ही व्याख्या आहे.

१९५५ साली अस्पृश्यता (अपराध) कायदा झाला. १९७६ साली तो अधिक कडक करून त्याला नागरी हक्क संरक्षण कायदा हे नाव देण्यात आले. ह्यातल्या चार तरतुदी प्रत्येक कार्यकर्त्याने तोंडपाठ कराव्यात. कलम ४ अन्वये दुकान, उपाहारगृह, हॉटेल येथे प्रवेश नाकारणे हा गुन्हा आहेच, शिवाय तेथे सर्वांसाठी ठेवलेली भांडी वापरू न देणे हाही गुन्हा आहे. वळचणीची कपबशी कायद्याने येथे फोडली. कलम ६ माल आणि सेवा नाकारण्यासंबंधी आहे. कलम ८ प्रमाणे शिक्षा झालेल्या मालकाचा धंद्याचा परवाना न्यायालय रद्द अथवा निलंबित करू शकते. आणि कलम १२ असे की, तक्रारदार अनुसूचित जातीचा असेल तर कृत्य अस्पृश्यतेच्या कारणावरूनच केले असे न्यायालयाने गृहीत धरायचे. तसे नव्हते हे दाखवण्याची जबाबदारी आरोपीची. १९९० पासून बौद्धांचाही अनुसूचित जातींत समावेश झाल्याने ह्या गृहीतकाचा लाभ त्यांनाही आहे.

ह्यांतील कलम ६ वर थोडे थांबले पाहिजे. ते केवळ ‘नकार’ एवढेच म्हणत नाही. नेहमीच्या व्यवहारात इतरांना ज्या वेळी, ज्या ठिकाणी आणि ज्या अटींवर सेवा दिली जाते, त्याच वेळी, त्याच ठिकाणी आणि त्याच अटींवर ती न देणे हा गुन्हा आहे. म्हणजे चहा मिळाला, पण सगळ्यांचे झाल्यावर मिळाला. जेवण मिळाले, पण बाहेरच्या बाकावर मिळाले. जागा मिळाली, पण जादा अनामत मागून मिळाली. ही तिन्ही उदाहरणे नकाराचीच आहेत. वेळ, जागा आणि अटी ह्या तीन शब्दांत सबंध अस्पृश्यतेचे व्याकरण आले आहे.

पुढे १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा झाला. त्यात २०१५ साली केलेली दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. अनुसूचित जाती वा जमातीच्या व्यक्तीला दुकानात किंवा सार्वजनिक ठिकाणी जाण्यास अडवणे, अथवा लोकांसाठी ठेवलेली भांडी वापरण्यास अडवणे, हा त्यानुसार सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. पेठ-सुरगाण्याहून शहरात येणाऱ्या आदिवासी मुलामुलींनाही हे संरक्षण आहे, हे त्यांना सांगितले पाहिजे.

ह्याच्या शेजारी ग्राहक संरक्षणाचा कायदा ठेवून पाहा. तो १९८६ साली झाला आणि २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला. त्याची भाषा ‘सेवेतील उणीव’ अशी आहे. पैसे दिले, त्या मोलाची सेवा मिळाली नाही, भरपाई द्या. हा कायदा चांगला आहे. त्याचा उपयोगही केला पाहिजे. परंतु त्याच्या नजरेत सर्व ग्राहक सारखे आहेत. अर्धा तास उशीर का झाला, एवढेच तो विचारतो. शेजारच्या टेबलाला उशीर का झाला नाही, हा प्रश्न त्याच्या केंद्रस्थानी नाही. तो प्रश्न नागरी हक्काच्या कायद्याचा आहे. वाईट सेवेचे दार एक, नाकारलेल्या सेवेचे दार दुसरे.

६

असा अनुभव आपलाच आहे असे नाही. अमेरिकेच्या दक्षिण भागात १ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरो गावात चार काळे विद्यार्थी वूलवर्थ दुकानातल्या उपाहाराच्या फळीपाशी जाऊन बसले. त्याच दुकानात त्यांनी किरकोळ वस्तू खरेदी केल्या होत्या, पैसे घेऊन पावतीही दिली गेली होती. परंतु कॉफी मागितली तेव्हा नकार मिळाला. एका गल्ल्यावर चालणारा पैसा दुसऱ्या गल्ल्यावर का चालत नाही, हा त्यांचा प्रश्न होता. ते उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी अधिक विद्यार्थी आले, मग शेकडो. जुलैअखेर त्या दुकानाने सर्वांना बसून खाण्याची मोकळीक दिली. १९६४ साली तेथे नागरी हक्कांचा कायदा झाला. अलाबामातल्या ऑलीज बार्बेक्यू ह्या हॉटेलाने त्याला आव्हान दिले. ह्या हॉटेलात काळ्यांना अन्न मिळत असे, पण बांधून नेण्यासाठी. आत बसता येत नसे. डिसेंबर १९६४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने हॉटेलाचे म्हणणे फेटाळले.

आमची वळचणीची कपबशी आणि त्यांची बांधून दिलेली पुडी ह्यांत फरक थोडा आहे. दोन्हीकडे भूक भागवण्यास हरकत नव्हती. शेजारी बसण्यास हरकत होती.

७

आज काय स्थिती आहे? शहरात कुणी कप विसळायला लावीत नाही. खेड्यांचे तसे म्हणता येत नाही. अकरा राज्यांतल्या ५६५ गावांची पाहणी करून २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चहाच्या दुकानांतली वेगळी भांडी आणि वेगळी बसण्याची जागा आढळून आलीच. कागदी आणि प्लॅस्टिकच्या कपांनी जुनी कपबशी हटवली खरी, पण काहींना काच आणि काहींना कागद अशी वाटणी झाली की जुना नियम नव्या वस्तूत शिरतो.

शहरात भेद आडनावातून आणि ताटातून येतो. मी नाशिकला शिकत असताना एका खानावळीत महिन्याचे जेवण लावायला गेलो. मालकाने नाव विचारले, मग आडनाव विचारले, मग गाव आणि गावातली ‘आळी’ विचारली आणि ‘सध्या जागा नाही’ म्हणून सांगितले. दुसऱ्या दिवशी माझ्याच वर्गातल्या, वेगळ्या आडनावाच्या मुलाला तेथेच, त्याच पैशांत जागा मिळाली. तो मुलगा गेला नसता तर जागा खरोखरच नव्हती की काय, हे मला कधीच कळले नसते. कायद्यातले तीन शब्द येथे लावून पाहावेत. वेळ एका दिवसाच्या अंतराची, जागा तीच, अटी त्याच, माणूस तेवढा वेगळा. अनिश्चिततेचे ओझे उतरवण्याचा मार्ग हाच आहे. आपल्या मनातल्या संशयाची चौकशी करीत बसण्यापेक्षा शेजारच्या टेबलाशी तुलना करावी.

ताटाचा भेद अधिक सोवळा असतो. मुंबईच्या आयआयटीत २०२३ साली वसतिगृहाच्या खानावळीत काही टेबले शाकाहारींसाठी राखून ठेवली गेली आणि त्याला विरोध करणाऱ्या विद्यार्थ्याला दहा हजार रुपये दंड झाला. मार्च २०२४ मध्ये झोमॅटो कंपनीने शाकाहारी जेवण पोचवणाऱ्यांचा वेगळा, हिरव्या पोशाखाचा ताफा जाहीर केला. टीका होताच दुसऱ्याच दिवशी वेगळा पोशाख मागे घेतला. जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या मार्गावरच्या खाद्यगृहांनी मालकांची नावे लावावीत असा हुकूम निघाला. सर्वोच्च न्यायालयाने २२ जुलैला त्याला अंतरिम स्थगिती दिली आणि अन्न कोणते आहे एवढे सांगणे पुरेसे, मालकाचे वा नोकराचे नाव लावण्याची सक्ती नको, असे म्हटले. काय खावे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. पण ताटात काय आहे ह्यापेक्षा ताट कोणाच्या हातचे आणि शेजारी कोण, ह्याची चौकशी सुरू झाली की ती आहाराची चौकशी राहत नाही. गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलासमोरून तोंड फिरवून जाणारे लोक हीच चौकशी करीत होते.

एक इशारा मात्र दिला पाहिजे. प्रत्येक उर्मट वाढपी जातीयवादी नसतो. गर्दीच्या वेळी सीबीएसजवळच्या हॉटेलात सगळ्यांनाच ढकलाढकल सोसावी लागते. मळके कपडे, खेडवळ बोली पाहून तोंड वाकडे करणारे लोक गरीब मराठ्याशी आणि गरीब मुसलमानाशीही तसेच वागतात. सर्वच कटुतेला आपण जात म्हणू लागलो तर खऱ्या प्रकरणाची धार बोथट होते. उलट, सर्वच गोष्टी ‘चालायचंच’ म्हणून सोडल्या तर वळचणीची कपबशी परत येते.

८

आता टेबलाच्या पलीकडे पाहू. तो वाढपी आहे कोण? टेबल पुसणारा, भांडी घासणारा, मोरी धुणारा पोरगा बहुतेक वेळा आपल्याच वस्तीतला, आदिवासी पाड्यावरचा किंवा परप्रांतातल्या आपल्यासारख्याच घरातला असतो. १० ऑक्टोबर २००६ पासून हॉटेले आणि ढाबे यांत चौदा वर्षांखालील मुलांना कामाला ठेवण्यास बंदी झाली. तरी टपऱ्यांवरची लहान पोरे आपण पाहतो. कामाची वाटणीही पाहावी. भांडी घासायला कोण, वाढायला कोण, चुलीपाशी कोण आणि गल्ल्यावर कोण, हे पाहिले की हॉटेलच्या आत गावगाडा दिसू लागतो. तेथे टिकण्यासाठी आडनाव लपवून काम करणारी मुले आहेत.

म्हणून अपमान झाला की सारा राग त्या पोरावर काढणे चूक आहे. ‘ए पोऱ्या’ म्हणून खेकसणारा आपला पदवीधर जुनीच उतरंड उलटी करून वापरत असतो. सेवा हे मजुरी घेऊन केलेले काम आहे, जन्माने अंगावर आलेले कर्तव्य नाही, ही गोष्ट बलुतेदारीतून बाहेर पडलेल्यांनी इतरांपेक्षा अधिक जाणली पाहिजे. जबाबदारी मालकाची असते. परवाना त्याच्या नावाचा असतो.

बिलातल्या सेवाशुल्काचेही असेच आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढून हॉटेलांनी सेवाशुल्क आपोआप बिलात लावू नये असे सांगितले, आणि २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना कायम ठेवल्या. सेवाशुल्क देणे ऐच्छिक आहे. द्यायचेच असेल तर पोराच्या हातात द्यावे.

९

काय करता येईल ते थोडक्यात सांगतो.

सेवा वाईट असेल तर बिल जपून ठेवावे, मालकाला सांगावे, दाद न लागल्यास १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक क्रमांकावर किंवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही.

सेवा नाकारली गेली असेल, किंवा वेळ, जागा, अटी ह्यांत भेद झाला असेल, तर पहिले काम म्हणजे शांतपणे, चार लोकांसमोर कारण विचारणे. मालकाचे शब्द जसेच्या तसे लिहून घ्यावेत. तारीख, वेळ, शेजारी कोण होते आणि त्यांना काय मिळाले हे नोंदवावे. सोबत दुसरा माणूस असावा. तो दुसऱ्या जातीचा असेल तर अधिक चांगले. नंतर पोलीस ठाणे. हे गुन्हे दखलपात्र आहेत. ठाणेदाराने ‘किरकोळ बाब आहे, मिटवून टाका’ म्हटले, तर त्याला कलमांचे आकडे सांगता आले पाहिजेत.

शिक्षकांनी अनुच्छेद १५ चा दुसरा खंड वर्गात फळ्यावर लिहावा. महाविद्यालयांच्या आणि वसतिगृहांच्या खानावळीत टेबलांची वाटणी होत आहे काय हे पाहावे. विद्यार्थ्यांनी खानावळींची पाहणी करावी. एकाने आपल्या आडनावाने आणि दुसऱ्याने दुसऱ्या आडनावाने जागा मागून उत्तरे लिहून काढली, तर महिनाभरात जे हाती येईल ते शंभर भाषणांपेक्षा उपयोगी ठरेल. आणि घरच्या वृद्धांकडून चहाच्या दुकानांच्या आठवणी आजच उतरवून घ्याव्यात.

आपली मागणी फार मोठी नाही. हसून स्वागत करा, वाकून नमस्कार करा असे आपण म्हणत नाही. रस्सा गार असेल तर तो सर्वांना गार मिळो, त्यासाठी आपण सर्वांबरोबर भांडू. परंतु जे मोल इतर देतात तेच मोल देऊन, ज्या बाकावर इतर बसतात त्याच बाकावर, ज्या पेल्यात इतर पितात त्याच पेल्यात आपल्याला मिळाले पाहिजे. त्यात जेथे कमी पडेल तेथे तक्रार ग्राहकाची राहत नाही. तो नागरिकाचा हक्क आहे आणि तो हक्क म्हणूनच मागितला पाहिजे.